पद्माची बाटली

पद्माचा फोटो दिवाळी अंकात छापून आला आहे. जरीकाठाची साडी, दोन्ही खांद्यांवर पदर, आणि चेहरा असा की जणू सोलापुरातले सगळे बेडूक हिनेच पाळले होते.

आमच्या मेडिकल कॉलेजातून शिकून गेलेले डॉक्टर मिळून हा अंक काढतात. यंदा त्यांनी जुन्या नोकरमाणसांकडून आठवणी मागवल्या. मलाही फोन आला होता. "अक्का, तुम्ही लिहाच," म्हणाले. मी म्हटलं, मला नाही जमायचं. फोनवर बोलतानासुद्धा माझे तळहात ओले होतात. पद्माला जमलं. पद्माला सगळंच जमतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे लिहिते आहे ते अंकाला पाठवायला नाही, माझ्यापुरतं आहे. पण उद्या कुणाच्या हातात पडलं तर त्याला समजावं म्हणून पहिल्यापासून सांगते, कारण पद्माच्या लेखात बाटलीची गोष्ट आहे, काजळीची नाही.

आमचा विभाग फिजिऑलॉजीचा. जिवंत शरीर चालतं कसं, ते तिथं शिकवायचे. मी आणि पद्मा तिथल्या प्रयोगशाळेत मदतनीस. झाडलोट, धुणं-पुसणं, सामान मांडणं हे तर होतंच, पण आमचं खरं काम बेडकांच्या तासाला. आता बेडूक बंद झाले. मुलं कॉम्प्युटरवर चित्रातला बेडूक बघतात आणि चित्रातलाच पाय उडतो. तेव्हा खरा बेडूक लागायचा.

तो आणून द्यायचे रज्जाकचाचा. शेतातल्या डबक्यांतून पकडून, ओल्या पोत्यात घालून, सायकलवर. भाजी विकावी तसे दारात उभे राहून सांगायचे, "अक्का, देखो कैसा माल है! येक्कदम ताजा. कल तक तो गाना गाते थे." मी पोतं सिमेंटच्या टाकीत रिकामं करायची. एकदा एका मुलीला दया आली, तिने टाकीचं झाकण उघडून टाकलं. सकाळी जिन्याच्या पायरीपायरीवर बेडूक बसलेले, आणि खाली प्राचार्य उभे. चाचांना कळलं तेव्हा म्हणाले, "पढने आये होंगे बेचारे."

आता प्रयोग सांगते. डॉक्टर लोक बेडकाचा मेंदू आधी निकामी करायचे, म्हणजे त्याला काही कळायचं नाही. मग पायाच्या पोटरीचा स्नायू काढून मिठाच्या पाण्यात ठेवायचे. ते पाणी आमचं आम्ही बनवायचो. त्यात साधं मीठ आणि आणखी तीनचार क्षार, मॅडमनी ठरवून दिलेल्या मापाने. त्या पाण्यात स्नायू बराच वेळ जिवंत राहतो. त्याच्या टोकाला दोरा बांधायचा, दोऱ्याचं दुसरं टोक एका हलक्या काडीला. स्नायूला विजेचा बारीक झटका दिला की तो आखडतो, काडी उचलली जाते, आणि काडीच्या टोकाची सुई फिरत्या ड्रमवरच्या काळ्या कागदावर रेघ ओढते. डोंगरासारखी रेघ. वर गेली म्हणजे स्नायू आखडला, खाली आली म्हणजे ढिला पडला.

तो काळा कागद म्हणजे मी.

गुळगुळीत पांढरा कागद ड्रमवर चिकटवायचा आणि ड्रम धुराच्या ज्योतीवर धरून हळूहळू फिरवायचा. काजळी सगळीकडे सारखी बसली पाहिजे. कमी पडली तर कागद राखाडी दिसतो, जास्त झाली तर पोपडे निघतात आणि सुई अडखळते. घाई केली तर कागदच जळतो. मी धरलेली काजळी मखमलीसारखी असायची. हे मी माझ्या तोंडाने म्हणत नाही, बिराजदार मॅडम म्हणायच्या. त्या आमच्या विभागप्रमुख. रागीट, पण शिकवायला लागल्या की बाहेरच्या व्हरांड्यातला शिपाईसुद्धा थांबून ऐकायचा. त्यांची एकच तक्रार होती, "अक्का, कोपऱ्यात तुमच्या अंगठ्याचा ठसा राहतो हो!" राहायचा. जिथं धरायचं तिथं काजळी बसत नाही. हवेत धरायला मी काय भूत आहे?

पद्मा यायच्या आधी स्नायूला दोरा बांधायचं कामही माझ्याकडेच होतं. मुलं गोळा व्हायची, मॅडम म्हणायच्या, "अक्का, गाठ." बस, तेवढंच. पण चाळीस पोरं श्वास रोखून माझ्या बोटांकडे बघायची. मला लाज वाटायची आणि त्याची वाटही बघायची मी. बोलावं न लागता लोकांनी आपल्याकडे बघावं, असं ते एकच ठिकाण होतं. गाठ सुटायची का माझी? कधीमधी सुटायची. स्नायू ओला असतो, निसटतो.

मग पद्मा आली. शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू बोलायची, बाहेर आमच्यासारखं. माझ्यापेक्षा लहान, दहावी झालेली, आणि तोंडाला कुलूप नाही. पहिल्याच आठवड्यात ऐन प्रयोगात माझी गाठ सुटली. पद्मा मागून पुढे आली, "सरका अक्का," म्हणाली, आणि एका हाताच्या दोन बोटांत दोऱ्याला असा काही पीळ दिला की मला तो दिसलासुद्धा नाही. गाठ बसली. तासभर हलली नाही.

"अरे वा! कुठं शिकलीस?" मॅडमनी विचारलं.

"शिकायचं काय त्यात मॅडम? आमच्या घरात पोरगं चालायच्या आधी तुटलेला धागा जोडतंय की."

पोरं हसली. मॅडम हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मॅडम म्हणायला लागल्या, "पद्मा, गाठ."

मी काजळीकडे राहिले. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती मी कुणाला कधी बोलले नाही. तिच्या गाठीने काडी उचलली जायची, आणि ती काडी माझी काजळी खरवडत जायची. मुलांच्या वहीत जी पांढरी रेघ चिकटायची ती पद्माची. मी म्हणजे रेघेच्या आजूबाजूला जे उरायचं ते.

तरी पाणी माझ्याकडे होतं. क्षार मोजायचे, विरघळवायचे, बाटल्या भरायच्या. त्यातला कॅल्शियमचा क्षार सगळ्यात शेवटी घालायचा, तोही वेगळ्या पाण्यात विरघळवून थोडा थोडा. आधी घातला तर पाणी दुधासारखं गढूळ होतं आणि बाटली फेकावी लागते. माझ्या हातून एकही बाटली गढूळ झाली नाही, आणि त्याबद्दल मला कुणी कधी काही म्हटलंही नाही. पाणी बरोबर असलं की ते कुणाला दिसत नाही.

एका पावसाळ्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा अक्कलकोटला होता. मी एक दिवस सुट्टी घेतली. आदल्या दिवशी ड्रमवर काजळी धरून ते कपाटात ठेवले, पद्माला पाण्याची पद्धत दोनदा सांगितली, कॅल्शियम शेवटी, हेही सांगितलं. आणि गेले. तिकडे मी पुरणपोळी खात होते तेव्हा इकडे आमच्या प्रयोगशाळेतला सगळ्यात मोठा दिवस झाला. तो साखरपुडाही पुढे मोडला.

झालं असं. पद्माने बाकी क्षार विरघळवले आणि कॅल्शियमचे खडे काचेच्या वाटीत मोजून बाजूला ठेवले, शेवटी घालायचे म्हणून. तेवढ्यात मॅडमनी तिला वर्ग लावायला बोलावलं. त्या क्षाराची एक खोड आहे. उघडा ठेवला तर हवेतली ओल ओढून घेतो आणि आपोआप पाणी होतो. त्या दिवशी हवा दमट. पद्मा दुपारी परत आली तर वाटीत खडे नाहीत, नुसतं चमचाभर पाणी. तिला वाटलं खडे आपण मघाशीच बाटलीत टाकले, आणि हे बेसिनचं पाणी उडालंय. तिने वाटी फडक्याने स्वच्छ पुसून ठेवली. स्वच्छतेची भारी हौस.

मॅडमनी त्या दिवशी एकाच ड्रमवर दोन गोष्टी लावल्या होत्या. वर पायाचा स्नायू, खाली बेडकाचं हृदय. हृदय काढून घेतलं तरी त्यात नळीने ते पाणी सोडत राहिलं की ते आपलं आपण धडधडत राहतं. दोन्हीला पद्माचीच बाटली जोडली. पुढचं मी इतक्या वेळा ऐकलंय की मला ते पाहिल्यासारखं वाटतं. हृदयाचे ठोके बारीक होत गेले, आणखी बारीक, आणि मग सरळ रेघ. थांबलं. पायाला झटका दिला तर तो मात्र टुणकन उडाला. पुन्हा दिला, पुन्हा उडाला.

"पद्मा," मॅडम म्हणाल्या, "पाणी कुणी केलं?"

"म्या."

"कॅल्शियम घातलंस?"

"घातलं की. म्हंजे… वाटीत पाणी व्हतं मॅडम. ते म्या पुसलं."

"पुसलं?"

"लई घाण दिसत व्हतं."

सगळ्यांना वाटलं आता पद्माची नोकरी जाते. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि मुलांकडे वळल्या. "बघा. दोघांनाही कॅल्शियमशिवाय आखडता येत नाही, हे तुम्ही पुस्तकात पाठ केलंय. या पाण्यात कॅल्शियम नाही. मग हृदय थांबलं आणि पाय चालूच आहे, तो का?"

मग मॅडमनीच सांगितलं, आणि ते पुढे दरवर्षी सांगितलं, म्हणून मलाही येतं.

स्नायूच्या प्रत्येक धाग्याच्या आत कॅल्शियमची कोठारं भरलेली असतात. कोठाराचं दार उघडलं, कॅल्शियम धाग्यात पसरलं, की धागा आखडतो. ते परत कोठारात भरलं की धागा ढिला पडतो. आता धाग्याच्या बाहेरच्या पडद्याला आणखी एक दार असतं. पडद्याच्या आत आणि बाहेर विजेचा थोडा फरक नेहमी असतो. इशारा आला की तो फरक क्षणभर उलटतो, आणि ते बाहेरच्या दाराला जाणवतं. विजेवर चालणारं दार म्हणा. हृदयात हे दार उघडतं, बाहेरच्या पाण्यातलं थोडं कॅल्शियम आत शिरतं, आणि ते जाऊन आतलं कोठार उघडायला लावतं. म्हणून बाहेर कॅल्शियम नसेल तर हृदय गप्प.

पायात तसं नाही. पायात बाहेरचं दार आतल्या कोठाराच्या दाराला थेट टेकलेलं असतं. वीज बदलली की बाहेरचं दार जागच्या जागी हलतं, आणि त्या हिसक्यानेच आतलं दार उघडतं. बाहेरून थोडं कॅल्शियम आत येतंही, पण सावकाश, तोवर पाय उडून झालेला असतो. बाहेरच्याची गरजच नाही. सगळं आत आधीच साठलेलं असतं.

यावर पद्मा काय म्हणाली? जिची नोकरी जायची वेळ आली होती ती म्हणाली, "हे आमच्या हातमागासारखं की मॅडम. खालची पट्टी पायानं दाबायची, दोरी ओढली जाती, वरचे धागे उचलत्यात. पायाला धाग्यापत्तूर जावं लागत न्हाय."

"अगदी बरोबर!" मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी नळीच्या पाण्यात कॅल्शियमचे थेंब सोडले. हृदय एकदा थरथरलं, दोनदा, आणि धडधडायला लागलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पद्मासाठी, बेडकासाठी, का मॅडमसाठी, देव जाणे. पद्मा म्हणते, माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले तर मॅडम दारातच भेटल्या. "अक्का, काल तुम्ही असायला हवं होतं!"

मी मनात म्हटलं, मी असते तर पाणी बरोबर झालं असतं, आणि काल काहीच झालं नसतं. तोंडाने म्हटलं, "व्हय का," आणि बाटल्या धुवायला घेतल्या.

त्या दिवसाचा ड्रमवरचा कागद मॅडमनी लाखेच्या पाण्यात बुडवून पक्का केला, चौकट करून व्हरांड्यात लावला आणि खाली पट्टी चिकटवली: पद्माची बाटली. दरवर्षी नव्या मुलांना तो प्रयोग दाखवायचा असं ठरलं. पाणी करणारी मी. म्हणजे दरवर्षी एक बाटली बिनकॅल्शियमची, मुद्दाम, मी बनवायची आणि त्यावर माझ्या हाताने 'पद्माची बाटली' असं लिहून चिकटवायचं. माझ्या बिनचूक बाटल्यांना नाव नव्हतं. तिच्या चुकीला होतं.

एका वर्षी चमचा हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले होते. चार खडे टाकले असते तर हृदय थांबलं नसतं, आणि सगळ्यांसमोर पद्माची बाटली साधी बाटली झाली असती. टाकले नाहीत. चांगुलपणा वगैरे काही नाही. माझ्या हातून चुकीचं पाणी होत नाही, आणि ते चुकीचं पाणीही बरोबरच व्हायला हवं.

पद्माच्या मागाची उपमा तर मॅडमनी कायमची उचलली. मलाही एक सुचली होती. अक्कलकोटला आमचं घर लांबोडकं, पुढं ओसरी, मागं गोठा. गोठ्याच्या फाटकाची दोरी आईने ओसरीपर्यंत आणलेली. दळण निवडताना बसल्या जागी ओढायची, फाटक उघडायचं, म्हशी बाहेर. शेजारणीकडे दोरी नव्हती, तिचं पोरगं आत पळत जायचं तेव्हा फाटक उघडायचं. पोरगं घरी नसलं की म्हशी कोंडलेल्या. ते हृदय, आणि आमचा गोठा म्हणजे पाय. आणि माझ्या उपमेत आणखी एक आहे, ते पद्माच्या मागात नाही. संध्याकाळी म्हशी परत आत घालाव्या लागतात. फाटक उघडायला एक हिसका पुरतो, खरी ताकद लागते ती आत घालायला. स्नायूचंही तसंच आहे, हे मॅडमच सांगायच्या. वर्गात एवढं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. बोलले नाही. मागे उभी राहून फडकं पिळत राहिले.

हेव्याचंही मला असंच दिसतं. पद्माने माझ्या घरात काही आणून टाकलं नाही. ती बिचारी जागच्या जागी हलते, आणि माझी कोठारं उघडतात. परत भरायला मला आठवडा लागतो.

तर हा दिवाळी अंक. पद्मा स्वतः घेऊन आली, एका हातात चिवड्याचा डबा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. बसायच्या आधीच म्हणाली, "वाचा की अक्का, मोठ्यानं वाचा."

मी मनातच वाचला. पान उलटलं, पुन्हा पहिल्यापासून बघितलं. रज्जाकचाचांचं नाव होतं. जिन्यावरचे बेडूकसुद्धा होते. आणि एका ठिकाणी होतं, 'आमच्यासोबत आणखी एक बाई होत्या.'

मी मनातलं कुणाला बोलून दाखवत नाही. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. "आणखी एक बाई?"

"व्हय की."

"ती बाई मीच न्हवं?"

"मग काय मी?"

"माझं नाव न्हाय त्यात."

पद्मा माझ्याकडे बघतच राहिली. "अक्का, तुमाला फोन केलता की म्या! तुमचं नाव लिहू का म्हनून इचारलं. तुमी काय म्हनला? 'माझं नाव घालू नगं गं, मला लाज वाटती.' दोनदा म्हनला."

म्हटलं होतं. फोनवर मी असंच म्हणते. समोरच्याने तिसऱ्यांदा विचारावं, एवढीच अपेक्षा असते.

"आता सांगू का त्यान्ला? पुढच्या अंकात घालत्यात."

"नगं, नगं," मी म्हटलं.

"बघा! परत तेच!" ती हसली, आणि मग ते चौकोनी पुढे केलं. "हे तुमच्याकडं ठिवा. तितं व्हरांड्यात रंग लावाय काढलाय, ही चौकट कबाडात टाकायलते. मी उचलून आनली. पर माझी सून म्हनती, सणासुदीचं घरात काळं नगं."

मी वर्तमानपत्र उलगडलं. माझीच काजळी. इतकी वर्षं झाली तरी एक पोपडा नाही. वर पायाचे डोंगर, एकसारखे. खाली हृदयाचे ठोके, मग सरळ रेघ, मग पुन्हा ठोके. आणि उजव्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा पांढरा ठसा, लाखेने पक्का झालेला.

"काय बघायलाव?" पद्माने विचारलं.

"काय न्हाय. काजळी चांगली बसलीय."

"तुमची काजळी चांगलीच असायची की. मॅडम नेहमी म्हनायच्या. ते लिहायचंच ऱ्हायलं बघा." आणि तिने चिवड्याचा डबा उघडला.

चौकट मी स्वयंपाकघरात लावली आहे, फळीच्या बरोबर वर. फळीवर पद्माचाच तो डबा ठेवला आहे. डब्याची उंची अशी नेमकी आहे की 'पद्माची बाटली' लिहिलेली खालची पट्टी पूर्ण झाकली जाते आणि कोपऱ्यातला ठसा उघडा राहतो. पद्मा येणार असली की मी डबा काढून ठेवते. ती गेली की परत जागेवर.